चिकूचं कलम परदेशी पाठवायचं तर...

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ तलासरी मागे टाकून निघाला की अच्छाड लागतं. महाराष्ट्र इथे संपतो, पुढचं भिलाड गुजरातमध्ये. पावसाळ्याच्या तोंडाला या रस्त्यावरच्या टेम्पोंत काळ्या पिशव्यांतली रोपं दाटीवाटीने उभी केलेली दिसतात. चिकू-आंब्याची कलमं, नारळाची रोपं, क्रोटन, जास्वंद, बोगनवेल. इकडची तिकडे जातात, तिकडची इकडे येतात. पाट्यांवरची लिपी बदलते, बोलण्याचा हेल बदलतो, पण रोपांना कुणी काही विचारत नाही. तपासणी झालीच तर गाडीच्या कागदांची आणि वजनाची होते. पिशवीतल्या मातीत काय आहे, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

आता त्याच टेम्पोतलं चिकूचं एक कलम लंडनच्या किंवा मेलबर्नच्या भाच्याकडे पाठवायचं ठरवा. लगेच प्रश्न सुरू होतात. झाडाचं शास्त्रीय नाव काय, ते कुठल्या रोपवाटिकेत वाढलं, कशात वाढलं, मुळांना माती आहे का, कोणत्या किडी-रोगांपासून मुक्त असल्याचा दाखला आहे, तो कुणी दिला आणि कधी दिला? एवढी उलटतपासणी बिचाऱ्या चिकूची नसते. चिकू कुणालाच नको आहे असं नाही. पण रोप कधी एकटं प्रवास करत नाही. पानामागे, सालीच्या फटीत आणि मुळांभोवतीच्या मातीत त्याचं बिऱ्हाड असतं, आणि सीमेवरचा सगळा खटाटोप त्या बिऱ्हाडासाठी असतो.

डहाणू-घोलवडच्या चिकूला परदेशगमन काही नवं नाही. तो मुळातच परदेशी. मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे त्याचं माहेर. तिथे त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनवायचे. घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणी जरथुश्त्री बागायतदारांनी त्याची लागवड सुरू केली. समुद्राकाठची चुनखडीयुक्त जमीन त्याला मानवली आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरची, काजू, पपई, अननस, पेरू ही मंडळीही अशीच अमेरिका खंडातून आलेली. त्यांतली बरीचशी पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्या पोर्तुगिजांची हद्दही इथून लांब नव्हती. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये आणि दमण डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झालं. तोवर तलासरीच्या परिसराला खरीखुरी आंतरराष्ट्रीय सीमा शेजारीच होती.

जुन्या काळी रोपांच्या प्रवासाला कायद्याची नाही, निसर्गाचीच आडकाठी होती. शिडाच्या जहाजावर महिनोन्‌महिने खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई. निघालेल्यांपैकी बहुतेक रोपं वाटेतच मरत. १८२९ च्या सुमारास नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने झाकण लावलेल्या काचेच्या बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण बाटलीतल्या ओलसर मातीत नेचं उगवलं आणि पाणी न घालता टिकलं. मातीतली वाफ काचेवर जमायची आणि पुन्हा मातीतच ठिबकायची. यावरून त्याने काचेची बंद पेटी बनवली. १८३३ मध्ये अशा पेट्या लंडनहून सिडनीला गेल्या आणि आतली रोपं जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा भारतात आणला तो या पेट्यांतूनच. आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली परदेशी वनस्पती वाढवल्या आणि वाटल्या जात, तोही हाच काळ.

पेट्यांनी रोपं जगवली, तशी मातीतली कीडही जगवली. भरीला वाफेची जहाजं आली. पूर्वी प्रवासच इतका लांबायचा की अनेक किडी वाटेत मरून जात. आता त्या ताज्यातवान्या उतरू लागल्या. १८६० च्या दशकात अमेरिकी द्राक्षवेलींबरोबर फायलोक्सेरा नावाचा मुळांवर जगणारा सूक्ष्म कीटक फ्रान्समध्ये पोहोचला आणि बघता बघता युरोपभरचे द्राक्षमळे वाळले. अमेरिकी वेलींना या किडीची सवय होती, युरोपच्या वेलींना नव्हती. शेवटी अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपच्या वेलीचं कलम बांधून मळे वाचवले गेले. डहाणूतला बागायतदार हेच करतो. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, काटक खुंटावर कालीपत्ती चिकूची काडी बांधतो.

या फायलोक्सेरानेच रोपांच्या आंतरराष्ट्रीय नियमांना जन्म दिला. १८८१ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी त्याला रोखण्यासाठी करार केला. भारतात १९१४ मध्ये विनाशकारी कीटक व कीड कायदा झाला. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार आला. रोप पाठवणाऱ्या देशाच्या सरकारने घेणाऱ्या देशाच्या सरकारला रोपाच्या आरोग्याची लेखी हमी द्यायची, ही आजची पद्धत त्या करारावर उभी आहे. हमीच्या त्या कागदाला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणतात. निर्यातीच्या धंद्यातली माणसं नुसतं ‘फायटो’ म्हणतात.

आता रोपवाटिकेतलं एक कलम हातात घेऊन पाहू. फूट-दीड फुटाचं आहे. खाली रायणीचा खुंट, वर चिकूची फांदी, सांध्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. पिशवीत लाल माती, शेणखत आणि थोडी वाळू. पिशवी फाडली की मुळांनी घट्ट धरलेला मातीचा गोळा बाहेर येतो. त्याला आपल्याकडे हुंडी म्हणतात. लागवड करताना हुंडी फुटू नये म्हणून आपण जिवाचा आटापिटा करतो. परदेशी जाताना मात्र अडचण नेमकी या हुंडीचीच. मूठभर मातीत सूत्रकृमी असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यातले काही मुळांवर गाठी आणतात. मर आणि मूळकूज आणणाऱ्या बुरशांचे बीजाणू असतात, वाळवी-हुमणीची अंडी असतात, तणांचं बी असतं. मातीत काय नाही, हे छातीठोकपणे सांगणं कुठल्याच प्रयोगशाळेला परवडणारं नाही. म्हणूनच बहुतेक देश मातीसकट आलेलं रोप दारातूनच परत पाठवतात. भारतातही बाहेरून माती आणायला बंदी आहे.

नुसत्या नजरेच्या तपासणीचाही भरवसा धरता येत नाही. चिकूचं बी पोखरणारी अळी गेली दोन दशकं डहाणूच्या बागायतदारांना छळते आहे. फळ कोवळं असताना ती आत शिरते. शिरल्याचं भोक एवढं बारीक की फळ वाढताना बुजून जातं. आत ती बी खात बसते आणि बाहेरून फळ चकचकीत, वजनदार, कुठे डाग नाही. तोडणीनंतर ती गर पोखरत बाहेर पडते, तेव्हाच गुपित फुटतं. तोवर पेटी भरून बाजारात गेलेली असते. शेवटी माल किती देखणा आहे याला फारसा अर्थ उरत नाही. तो ज्या बागेत वाढला तिथे वर्षभर काय देखरेख होती, यावर भिस्त ठेवावी लागते.

कलम पाठवण्याची सुरुवात पोस्टाच्या खिडकीपासून होत नाही, दुसऱ्या टोकाकडून होते. ज्या देशात रोप जायचं, त्याच्या कृषी खात्याला आधी विचारायचं: हे झाड चालतं का, कुठल्या अटींवर चालतं, आयात परवाना लागतो का? परवाना लागत असेल तर तो तिकडच्या माणसाने काढायचा. त्यावर अटी लिहिलेल्या असतात, आणि आपल्याकडच्या अधिकाऱ्याने त्याच अटींबरहुकूम तपासणी करून फायटो द्यायचा. भारतात हे काम केंद्राच्या वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालयाकडे आहे. मुख्यालय फरिदाबादला, आणि मुंबईत प्रादेशिक केंद्र. राज्याच्या कृषी विभागाचे काही अधिकारीही दाखला देण्यासाठी अधिकृत केलेले आहेत. आपल्याकडूनही सगळंच बाहेर जाऊ शकत नाही. मिरीच्या रुजवलेल्या फांद्या, केशराचे कंद, चंदनाचं बी यांच्या निर्यातीवर सरकारी निर्बंध राहिलेले आहेत. शिवाय ‘साइट्स’ करार आहेच. १९७५ पासून अमलात असलेल्या या करारामुळे ऑर्किड आणि निवडुंगाच्या जवळपास सगळ्या जातींच्या परदेशी व्यापाराला वेगळी परवानगी लागते. जंगलातली झाडं शौकिनांसाठी ओरबाडली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

कागद जमले तरी झाडाचं काय? मुळं धुऊन माती पूर्ण काढायची, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवायची, ओलसर मॉसमध्ये गुंडाळायची, अशी साधारण रीत आहे. गुलाब, द्राक्ष, सफरचंद हे सहन करतात, कारण थंडीत ती पानं गाळून झोपलेली असतात. झोपलेल्या झाडाला मुळांची फारशी गरज नसते. चिकू सदाहरित आहे, त्याला सुट्टी नाही. पानं बारा महिने पाणी उडवत राहतात. मुळं उघडी पडली की पाण्याचा पुरवठा तुटतो आणि झाड आठवड्याभरात माना टाकतं. अशा झाडांसाठी निर्यातदार रोपवाटिका आधीपासूनच तयारी करतात. रोप मातीऐवजी कोकोपीट, परलाइट अशा स्वच्छ माध्यमात वाढवतात, जमिनीला लागू नये म्हणून मांडवावर ठेवतात आणि प्रवासाआधी पानं छाटून कमी करतात. कोणतं माध्यम चालेल हेही घेणारा देशच ठरवतो.

प्रवासाचे स्वतःचे नियम आहेत. उष्ण प्रदेशातली शोभेची झाडं समुद्रमार्गे जातात ती शीतकंटेनरमधून, साधारण १५ ते १८ अंश तापमानात. अंधारात दोन-तीन आठवडे काढायचे असल्यामुळे त्यांना आधी सावलीची सवय लावतात. त्यांच्या शेजारी पिकलेली फळं ठेवायची नाहीत. फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पानं पिवळी पडून गळतात. लाकडी खोका वापरला तर त्याच्या लाकडाचाही दाखला लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमानाला निदान ३० मिनिटं तापवलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीसारख्या चिन्हाचा शिक्का हवा. कारण लाकूड पोखरणारे भुंगे खोक्यातूनही देशाटन करतात. एवढं करून रोप पोहोचलं की तिकडे पुन्हा तपासणी. सगळं ठीक असेल तर सुटका. शंका आली तर धुरी, परतपाठवणी किंवा थेट भट्टी. काही झाडांना तर आल्यानंतर कित्येक महिने वेगळ्या ठिकाणी नजरकैदेत वाढवतात, कारण विषाणू पानांवर दिसायलाच तेवढा वेळ घेतात.

हे सगळं टाळायचा मार्ग म्हणजे ऊतीसंवर्धन. काचेच्या बाटलीत, निर्जंतुक जेलीवर वाढलेलं इवलंसं रोप. त्याला ना माती, ना साल, ना कीड. विषाणू तेवढा तपासून घ्यावा लागतो. केळी, ऑर्किड, जरबेरा, अँथुरियम यांची रोपं देशोदेशी मोठ्या संख्येने फिरतात ती या रूपात.

परदेशातल्या मराठी घरांना या नियमांची झळ बसते ती कढीपत्त्यावरून. पोहे-वरणासाठी भारतातून एखादी ताजी डहाळी किंवा रोप न्यावं असं अनेकांना वाटतं, आणि अमेरिकेच्या विमानतळावर ती काढून घेतली जाते. कढीपत्ता आणि लिंबू-संत्री एकाच कुळातली. त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर सायला नावाचा तीन-चार मिलिमीटरचा किडा बसतो. डोकं खाली आणि मागची बाजू वर उचलून बसण्याच्या ढबीवरून तो ओळखू येतो. हा किडा संत्र्याच्या झाडात ‘ग्रीनिंग’ रोगाचा जिवाणू सोडतो. फळं वेडीवाकडी आणि कडवट होतात, अर्धवट हिरवी राहून गळतात. रोगावर इलाज नाही. फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये, आणि त्यानंतर तिथलं संत्र्यांचं उत्पादन ९० टक्क्यांहून अधिक घटलं. कढीपत्त्याला या रोगाचं काही होत नाही, पण तो किड्याचं आवडतं घर आहे. सामान तपासणारा अधिकारी फोडणीच्या विरोधात नसतो, हे एवढ्यावरून लक्षात यावं.

इटलीतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात ऑलिव्हची शेकडो वर्षांची झाडं वाळू लागली. २०१३ मध्ये कारण निघालं झायलेला नावाचा जिवाणू. त्याचा आनुवंशिक माग कोस्टारिकातल्या कॉफीपर्यंत गेला. शोभेसाठी मागवलेल्या कॉफीच्या रोपातून तो आला असावा, असं संशोधक मानतात. एका कुंडीच्या शौकापायी लाखो झाडं गेली. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून नियम कडक केले. आता प्रवाशाच्या पिशवीतलं रोपही फायटोशिवाय आत जात नाही, ताजी फळंही नाहीत. अपवाद पाचच: केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. चिकूला सवलत नाही. २०२१ मध्ये डहाणू-घोलवडचे चिकू ब्रिटनला रवाना झाले, ते रीतसर निर्यातीच्या वाटेने, आणि तेही फळ म्हणून. फळ खाऊन संपतं, कलम तिथे रुजून राहतं. म्हणून कलमाचे नियम फळाहून कितीतरी कडक.

उलट दिशेचाही विचार करायला हवा. भारतात रोपं आणण्यासाठी २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू आहे. परदेशातून येताना बॅगेत गुलाबाचं रोप किंवा कंद आणायचे तर आधी आयात परवाना आणि तिकडचा फायटो, दोन्ही हवेत. इंटरनेटवरून मागवलेल्या बियांच्या पाकिटालाही हाच कायदा. २०२० मध्ये अनेक देशांत लोकांना न मागवता बियांची पाकिटं टपालाने येऊ लागली, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानेही सावधगिरीची सूचना काढली होती. आपण पूर्वी ठेचकाळलेलो आहोतच. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून कलकत्त्यात आली, आज सह्याद्रीच्या उतारांवर तिने खालचं गवत गिळलं आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच आली. गाजरगवत पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं ते १९५० च्या दशकाच्या मध्यात, आणि टोमॅटोची पानं नागमोडी पोखरणारी टुटा अळी २०१४ मध्ये, तीही पुण्याच्याच परिसरात.

एकदा का कीड देशात शिरली की पुढे तिला मोकळं रान मिळतं. १९१४ च्या कायद्यात देशांतर्गत वाहतुकीवर बंधनं घालायची सोय आहे, आणि केळीचा पर्णगुच्छ रोग, बटाट्यावरचे सूत्रकृमी अशा मोजक्या किडी-रोगांसाठी ती वापरलीही गेली. बाकी रोपांना राज्याची सीमा म्हणजे नुसती पाटी. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळबागांत चक्राकार पांढरी माशी सापडली. मूळची चिकूच्याच मुलखातली, मध्य अमेरिकेतली. पानाच्या मागे गोल गोल वळणांत अंडी घालते, वर मेणचट पांढरी भुकटी पसरवते, आणि तिच्या चिकट स्रावावर काजळी धरून खालची पानं काळी पडतात. स्वतःच्या पंखांवर ती फार लांब जात नाही. तरी काही वर्षांत ती केरळ, कर्नाटक, आंध्र करत कोकणपट्टीत पोहोचली. नारळाची आणि शोभेची रोपं तिला गाडीत बसवून घेऊन आली. अच्छाडच्या रस्त्यावरून जाणारा टेम्पो हा असल्या प्रवाशांसाठी बिनतिकिटाची सोय आहे, आणि प्रत्येक टेम्पो थांबवून पिशव्या फोडणं कुठल्याच सरकारला शक्य नाही.

म्हणून बंदरावरचा अधिकारी जे करतो, ते आपापल्या बागेच्या फाटकाशी करण्याखेरीज गत्यंतर नाही. नवीन रोप आणलं की ते थेट बागेत लावू नये, दोन-तीन आठवडे वेगळं ठेवावं. पानं उलटी करून पाहावीत, कोवळे शेंडे आणि कलमाचा सांधा पाहावा. मुळं काळी, मऊ किंवा गाठाळ असतील तर रोप तसंच परत करावं. रोपवाटिकेला परवाना आहे का, मातृवृक्ष कुठले आहेत, माती निर्जंतुक केली होती का, हे विचारायला लाजू नये; हे प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागलं की रोपवाटिकाही सुधारतात. रिकाम्या पिशव्या आणि झटकलेली माती बांधावर टाकू नये. पानावर काही अनोळखी दिसलं तर डहाणूकरांना कोसबाडच्या टेकडीवरचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. नमुना बंद पिशवीत घालून तिथे दाखवावा.

आणि लंडनच्या भाच्याने कलमाचा हट्ट धरलाच, तर त्याला आधी तिकडच्या कृषी खात्याचे नियम वाचायला लावावं. एवढे कागद जमवून पाठवलेलं कलम लंडनच्या थंडीत काही तग धरायचं नाही, हेही त्याच्या कानावर घालावं. त्यापेक्षा त्याने डिसेंबरच्या सुट्टीत घोलवडला यावं आणि झाडाखाली बसून हवे तेवढे चिकू खावेत. त्याला अजून कुठलाही दाखला लागत नाही.